पोप पॉल सहावे: यात्रेकरू म्हणून मुंबईत आले आणि जाताना आपली गाडीही इथेच ठेवून गेले

२ डिसेंबर १९६४. संध्याकाळची वेळ. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर एअर इंडियाचं विमान उतरलं. दार उघडलं आणि पांढऱ्या झग्यातला, बारीक अंगकाठीचा, ६७ वर्षांचा एक माणूस बाहेर आला. समोरची गर्दी पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आपण करतो तसा नमस्कार केला.

हे होते पोप पॉल सहावे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक ख्रिश्चनांचे सर्वोच्च धर्मगुरू. त्याआधी कोणत्याही पोपने भारतात पाऊल ठेवलेलं नव्हतं. विमानतळापासून दक्षिण मुंबईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो लोक उभे होते. त्यात कॅथलिक होते, तसे हिंदू, मुस्लीम, पारशी, शीख सगळेच होते.

पोप हे व्हॅटिकन या छोट्याशा देशाचे प्रमुखही असतात. त्यामुळे ते राजकीय पाहुणे म्हणूनही येऊ शकले असते. पण आपण यात्रेकरू म्हणून येतोय, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पोप लोक तर सतत जगभर फिरत असतात. आज फिरतात, हे खरं आहे. पण ही सवय ज्यांनी लावली ते हेच पोप. आणि मुंबईतल्या त्या तीन दिवसांचा परिणाम त्यांच्या पुढच्या आयुष्यावर झाला. तो कसा, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत नेमकं होतं काय?

निमित्त होतं ३८व्या आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेचं.

युखरिस्त म्हणजे काय, ते आधी पाहू. कॅथलिक चर्चमध्ये दररोज, आणि रविवारी आवर्जून, मिस्सा होते. त्यात भाकरी आणि द्राक्षरस अर्पण केला जातो. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाची ही आठवण. या प्रसादात ख्रिस्त स्वतः हजर असतो, अशी कॅथलिक भाविकांची श्रद्धा आहे. या एका श्रद्धेभोवती जगभरचे भाविक ठरावीक वर्षांनी एका शहरात जमतात. तीच ही परिषद.

नावात परिषद असली तरी ती बंद सभागृहात होणारी चर्चा नाही. मैदानातली सामूहिक प्रार्थना, मिरवणूक, भजनं, प्रवचनं असं सगळं तिथे असतं. आपल्याकडच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर तिचा स्वभाव सेमिनारपेक्षा यात्रेच्या जास्त जवळचा. १८८१ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात ती सुरू झाली. १९६० मध्ये ती जर्मनीतल्या म्युनिकला भरली आणि त्यानंतरचा मान मुंबईला मिळाला.

२८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या काळात हा सोहळा झाला. मुख्य जागा होती ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला जुन्या धाटणीच्या इमारतींची रांग, आणि मधल्या मैदानात देशविदेशातून आलेले हजारो यात्रेकरू. एरवी जिथे क्रिकेट चालतं, तिथे नऊ दिवस प्रार्थना चालल्या.

यजमान होते मुंबईचे आर्चबिशप, कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म कराचीचा. १९५० मध्ये ते मुंबईचे आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये कार्डिनल. हे पद मिळालेले ते पहिले भारतीय.

आजारी मुलगा, पत्रकाराचं घर

पोप होण्याआधी पॉल सहावे यांचं नाव होतं जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी. जन्म २६ सप्टेंबर १८९७, उत्तर इटलीतल्या ब्रेशिया शहराजवळच्या कोन्चेझिओ गावात. तीन भावांतले ते मधले.

वडील जॉर्जिओ मोंतिनी वकील होते, एका स्थानिक कॅथलिक वृत्तपत्राचे संपादक होते आणि पुढे इटलीच्या संसदेतही निवडून गेले. म्हणजे घरात राजकारण, छापखाना आणि धर्म या तिन्ही गोष्टींची चर्चा रोजचीच. आई जुदित्ता अतिशय धार्मिक.

मुलगा मात्र तब्येतीने नाजूक होता. आजारपणामुळे शाळा वारंवार बुडायची. पुढे धर्मगुरू व्हायचं ठरवल्यावरही त्यांना सेमिनरीच्या वसतिगृहात राहता आलं नाही. घरी राहून अभ्यास करायची खास परवानगी त्यांना मिळाली. १९२० मध्ये, २२व्या वर्षी, ते धर्मगुरू झाले.

एखाद्या गावातल्या चर्चमध्ये काम करावं लागेल असं वाटत असतानाच त्यांना रोमला पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी व्हॅटिकनच्या परराष्ट्र आणि प्रशासनाचं काम पाहणाऱ्या खात्यात सुरुवात केली. मध्ये काही महिने ते पोलंडमधल्या वॉर्सालाही होते. पण थंडी त्यांना मानवली नाही.

ऑफिसच्या कामासोबत ते कॅथलिक विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या संघटनेचे मार्गदर्शकही होते. हा काळ मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीचा. तरुणांनी सरकारी संघटनेतच असावं, असा सरकारचा हट्ट होता. त्या दबावात हे विद्यार्थी पुस्तकं वाचत होते, वाद घालत होते. त्यांच्यापैकी काही जण युद्धानंतरच्या लोकशाही इटलीत मोठे नेते झाले. अल्दो मोरो हे याच संघटनेतलं एक नाव. ते पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

युद्ध आणि हरवलेल्या माणसांचा शोध

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मोंतिनी व्हॅटिकनच्या प्रशासनात वरच्या पदावर होते. पोप पायस बारावे यांचे ते रोजचे सहकारी. युद्धात बेपत्ता झालेले सैनिक, युद्धकैदी आणि निर्वासित यांची माहिती गोळा करून त्यांच्या घरी कळवण्यासाठी व्हॅटिकनने एक कार्यालय उघडलं होतं. त्याची जबाबदारी मोंतिनींकडे होती. माझा मुलगा जिवंत आहे का, एवढंच विचारणारी पत्रं युरोपभरातून तिथे येत होती.

नाझींच्या अत्याचारांविरोधात पायस बारावे यांनी उघडपणे आणखी बोलायला हवं होतं का, हा वाद आजही संपलेला नाही. मोंतिनी त्याच यंत्रणेचा भाग होते आणि त्यांनी पुढे आयुष्यभर पायस यांची बाजू घेतली. हेही त्यांच्या चरित्रात नोंदवायला हवं.

याच धामधुमीत, १९४३ मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे आई आणि वडील दोघेही गेले.

१९५४ मध्ये त्यांना मिलानचे आर्चबिशप म्हणून पाठवण्यात आलं. मिलान म्हणजे इटलीचं मुंबईच म्हणा. कारखाने, कामगार वस्त्या, संप आणि कम्युनिस्ट पक्षाचा जोर. आयुष्यातली ३० वर्षं फायलींमध्ये घालवलेला हा अबोल माणूस तिथे कारखान्यांत आणि कामगार वस्त्यांत जाऊ लागला. चर्चकडे पाठ फिरवलेल्या कामगारांशी बोलायला त्यांना फार वेळा जमलं, असं नाही. पण त्यांनी प्रयत्न सोडला नाही.

१९५८ मध्ये जॉन तेविसावे पोप झाले. त्यांनी मोंतिनींना कार्डिनल केलं. याच पोप जॉन यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली. जगभरचे बिशप रोममध्ये जमले आणि आधुनिक काळात चर्चने कसं वागावं, यावर चर्चा सुरू झाली. ती सुरू असतानाच जून १९६३ मध्ये पोप जॉन यांचं निधन झालं.

२१ जून १९६३ रोजी मोंतिनी पोप म्हणून निवडून आले. त्यांनी नाव घेतलं पॉल. ख्रिस्ताचा संदेश घेऊन गावोगाव आणि समुद्रापार फिरलेल्या संत पॉल यांचं हे नाव. पुढे काय होणार, याचा अंदाज त्या नावातच होता.

पोप बाहेर पडणं ही एवढी मोठी बातमी का?

कारण त्याआधी पोप बाहेर पडतच नव्हते.

१८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम ताब्यात घेतलं. पोपचं राज्य संपलं. निषेध म्हणून त्यानंतरचे पोप व्हॅटिकनच्या भिंतींबाहेर पडेनात. १९२९ मध्ये इटलीशी करार झाला आणि व्हॅटिकन हा स्वतंत्र देश झाला. तरीही पोप इटलीच्या बाहेर जात नव्हते. त्याआधीचा शेवटचा पोप परदेशी गेला होता तो नेपोलियनच्या काळात, तोही कैदी म्हणून.

पॉल सहावे यांनी ही साखळी तोडली. जानेवारी १९६४ मध्ये ते विमानाने जेरुसलेमच्या यात्रेला गेले. विमानात बसलेले ते पहिले पोप. तिथे ते ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख अथेनागोरस यांना भेटले. ही दोन चर्चेस १०५४ पासून एकमेकांपासून तुटलेली होती.

पण जेरुसलेम ही ख्रिस्ताची भूमी. तिथे पोपने जाणं समजण्यासारखं होतं. १८ ऑक्टोबर १९६४ रोजी युगांडाच्या हुतात्म्यांना संतपद देण्याच्या सोहळ्यात त्यांनी मुंबईला जाणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मात्र अनेकांना आश्चर्य वाटलं. कारण १९६१च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिश्चनांचं प्रमाण अडीच टक्क्यांहूनही कमी होतं.

म्हणजे पोप अशा देशात निघाले होते, जिथे बहुतेक लोक त्यांच्या धर्माचे नव्हते.

सगळेच खूश नव्हते

त्या वेळची परिस्थिती पाहा. मे महिन्यात पंडित नेहरू गेले होते. लालबहादूर शास्त्री नुकतेच पंतप्रधान झाले होते. देशात धान्याची टंचाई होती आणि गहू अमेरिकेतून येत होता. अशा वेळी एवढा मोठा सोहळा कशासाठी, असा प्रश्न विचारला जात होता.

दुसरी भीती धर्मांतराची होती. हिंदुत्ववादी संघटनांनी या परिषदेला विरोध केला. योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतच, पवईच्या सांदीपनी साधनालयात, विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली होती आणि मिशनऱ्यांचं काम हा तिच्या चिंतेचा एक विषय होता.

तिसरा नाराज देश होता पोर्तुगाल. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला, हे पोर्तुगालच्या सालाझार सरकारला मान्यच नव्हतं. पोर्तुगाल हा कट्टर कॅथलिक देश. आपला प्रदेश घेणाऱ्या देशात पोप जातात, हा आपला अपमान आहे, असं त्या सरकारने जाहीरपणे म्हटलं.

याला आणखी एक जुना संदर्भ आहे. शेकडो वर्षं भारतातल्या अनेक ठिकाणी बिशप कोण व्हावा, यात पोर्तुगालच्या राजाचा आणि नंतर सरकारचा शब्द चालत असे. मुंबईत तर एक करारच होता. त्यानुसार आर्चबिशप आलटून पालटून पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचा. १९५० मध्ये ही पद्धत बंद झाली आणि ग्रेशस यांच्यासारख्या भारतीय माणसाला ती जागा मिळाली. म्हणजे १९६४ मध्ये पोपचं स्वागत करायला एक भारतीय आर्चबिशप उभा होता, हीच मुळात फक्त १४ वर्षं जुनी गोष्ट होती.

या सगळ्यात पोप आले. गोव्यात त्याच दिवसांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाचं दर्शन भाविकांसाठी खुलं होतं. पण पोप गोव्याला गेले नाहीत. मुंबईतच राहिले.

तीन दिवसांत त्यांनी काय केलं?

मुंबईत उपराष्ट्रपती झाकीर हुसेन आणि पंतप्रधान शास्त्री यांनी त्यांचं स्वागत केलं. राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्याशीही त्यांची भेट झाली. हा सरकारी भाग झाला. त्यापलीकडच्या तीन गोष्टी लक्षात राहण्यासारख्या आहेत.

पहिली, ३ डिसेंबरची. त्या दिवशी झेवियर यांचा सण होता. ओव्हलवर पोपनी सहा नव्या बिशपांना दीक्षा दिली. हे सहा जण पाच वेगवेगळ्या खंडांतले होते. चर्च म्हणजे गोऱ्या लोकांचा, युरोपचा धर्म ही समजूत अजून पक्की होती, त्या काळात ही दीक्षा रोममध्ये न होता मुंबईच्या मैदानात झाली.

दुसरी, त्याच दिवशी त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींची भेट घेतली. तिथे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातल्या एका प्रार्थनेचा उल्लेख केला. ही प्रार्थना तुम्ही-आम्ही शाळेच्या परिपाठात म्हटलेली आहे. असत्य, अंधार आणि मृत्यू या तिन्हींतून पुढे नेण्याची विनंती करणारी. ही प्रार्थना सगळ्याच माणसांची आहे आणि ती आजच्या काळालाही लागू होते, असा त्यांचा आशय होता. शिवाय एकमेकांना नुसतं पर्यटकासारखं भेटून भागणार नाही, देवाच्या शोधात निघालेल्या यात्रेकरूंसारखं भेटायला हवं, हा विचारही त्यांनी मांडला.

आज हे साधं वाटेल. पण तोपर्यंत चर्चची अधिकृत भाषा अशी नव्हती. इतर धर्मांशी संवादासाठी व्हॅटिकनने वेगळं कार्यालय काढलं होतं, तेही जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, मे १९६४ मध्ये.

तिसरी गोष्ट ४ डिसेंबरची. ती त्यांनी पत्रकारांच्या हाती सोपवली. जगातल्या सगळ्या देशांनी शस्त्रांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढावा आणि त्यातून गरिबांसाठी एक जागतिक निधी उभारावा, असं आवाहन त्यांनी केलं. संपादकाच्या घरात वाढलेल्या या माणसाने हा निरोप जगाला पोहोचवण्याचं काम पत्रकारांना दिलं, हे बरोबरच होतं.

या दरम्यान ते मुंबईतल्या अनाथ मुलांना भेटले. आजारी माणसांना भेटले. मोटारीतून जाताना त्यांना श्रीमंत मुंबई दिसली आणि फूटपाथवरची मुंबईही दिसली. ५ डिसेंबरला ते परत गेले.

मालेच्या काठावरून पाहिलं तर

पुण्याहून ताम्हिणीकडे जाताना पौडच्या पुढे मुळशी तालुक्यातलं माले लागतं. पावसाळ्यात रील काढायला जाणाऱ्यांना हा रस्ता पाठ असतो. शेजारी मुळशी धरण. १९२०च्या दशकात टाटांनी ते बांधलं. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिरा इथे उतरतं, तिथे वीज तयार होते आणि ही वीज मुंबईसाठी होती. मुंबईच्या गिरण्या, मुंबईच्या लोकल, मुंबईचे दिवे.

या विजेसाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. लोक तुरुंगात गेले, पण धरण झालंच.

याचा पोपशी काय संबंध? थेट काहीच नाही. १९६४ मध्ये मुळशीतलं कोणी ओव्हलवर गेलं होतं का, हा मुद्दाही नाही. पण मुंबईहून परतल्यावर पोप ज्या प्रश्नावर लिहू लागले, तो मालेच्या काठावर उभं राहिल्यावर लगेच कळतो. प्रगती होते तेव्हा ती नेमकी कोणाची होते? दिवा एकीकडे लागतो आणि घर दुसरीकडे बुडतं, याचा हिशोब कोण ठेवतं?

२६ मार्च १९६७ रोजी त्यांनी लोकांच्या विकासावर एक परिपत्रक काढलं. पोप्युलोरम प्रोग्रेसिओ हे त्याचं लॅटिन नाव. श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यातली दरी, अन्यायकारक व्यापार, खासगी मालमत्तेच्या मर्यादा असे विषय त्यात होते. विकास म्हणजे फक्त उत्पादन वाढणं नव्हे, प्रत्येक माणूस आणि संपूर्ण माणूस वाढला पाहिजे, हा त्याचा गाभा. आपल्याला हे प्रश्न कसे भिडले, हे सांगताना त्यांनी त्यात आपल्या भारतभेटीचा उल्लेख केला आणि मुंबईत केलेल्या जागतिक निधीच्या आवाहनाची आठवणही करून दिली.

अनेक श्रीमंत देशांतल्या उद्योगजगताला हे परिपत्रक आवडलं नाही. पोप डावीकडे झुकले, अशी टीका झाली. आणि तो जागतिक निधी? तो त्यांनी मांडला तसा कधीच उभा राहिला नाही. जगाचा शस्त्रांवरचा खर्च मात्र वाढत राहिला.

मुंबईनंतरचं आयुष्य

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांबद्दलचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात हिंदू, बौद्ध, इस्लाम आणि ज्यू धर्मांचा आदराने उल्लेख होता. ख्रिस्ताच्या मृत्यूसाठी सगळ्या ज्यूंना दोषी धरणं चुकीचं आहे, असंही त्यात स्पष्ट केलं. हे फक्त मुंबईमुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. त्यावर आधीपासून काम सुरू होतं. पण पोप मुंबईत जे बोलले, ते वर्षभरात चर्चच्या अधिकृत भूमिकेत दिसू लागलं, एवढं नक्की.

परिषदेचा आणखी एक निर्णय महाराष्ट्रातल्या कॅथलिकांच्या रोजच्या जगण्यात आला. तोपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आता ती लोकांच्या भाषेत करायला परवानगी मिळाली. वसईच्या चर्चमध्ये आज तुम्ही मराठी मिस्सा ऐकता, त्याची सुरुवात इथून झाली. देवाशी आपल्या भाषेत बोलता येणं, ही वसईच्या आजी-आजोबांसाठी किती मोठी गोष्ट असेल, याचा विचार करा.

पोपचा प्रवासही थांबला नाही. १९६५ मध्ये ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत गेले. १९६७ मध्ये पोर्तुगालमधल्या फातिमाला गेले, पण राजधानी लिस्बनला न जाता लष्करी विमानतळावर उतरून. १९६८ मध्ये ते कोलंबियातल्या बोगोटाला गेले, तिथे पुढची युखरिस्तिक परिषद होती. मग युगांडा. सहा खंडांत गेलेले ते पहिले पोप. लोक त्यांना यात्रेकरू पोप म्हणू लागले.

नोव्हेंबर १९७० मध्ये ते पुन्हा आशियात आले. चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ढाक्याला थोडा वेळ थांबले. दुसऱ्याच दिवशी फिलिपिन्सच्या मनिला विमानतळावर एका माणसाने त्यांच्यावर चाकूने हल्ला केला. ते वाचले आणि दौरा त्यांनी पूर्ण केला.

पण त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा वाद प्रवासातून आला नाही. जुलै १९६८ मध्ये त्यांनी कुटुंबनियोजनाच्या कृत्रिम साधनांना चर्चचा विरोध कायम ठेवला. त्यांनीच नेमलेल्या अभ्यासगटातल्या बहुसंख्य सदस्यांचं मत वेगळं होतं. युरोप-अमेरिकेतले लाखो कॅथलिक नाराज झाले. लाल त्रिकोणाच्या जाहिराती भिंतीभिंतींवर रंगवणाऱ्या भारतासारख्या देशातही या निर्णयावर टीका झाली. गरिबीवर इतकं ठाम बोलणारा माणूस या प्रश्नावर असा का वागला, हे अनेकांना समजलं नाही. त्यानंतरची १० वर्षं ते पोप होते, पण या धाटणीचं परिपत्रक त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आणि ती गाडी?

मुंबईत पोप ज्या मोटारीतून फिरले ती पांढरी लिंकन होती. अमेरिकेतून त्यांना भेट म्हणून आलेली. जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली.

मदर तेरेसा तेव्हा आजच्याइतक्या जगप्रसिद्ध नव्हत्या. कोलकात्याच्या गल्ल्यांत पायी फिरणाऱ्या बाई एवढी मोठी गाडी घेऊन काय करणार? त्यांनी गाडीची सोडत काढली, तिकिटं विकली आणि आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरला. फेब्रुवारी १९६५ मध्ये याच पोपनी त्यांच्या संस्थेला भारताबाहेर काम करण्याचा मार्ग मोकळा करणारी मान्यता दिली.

मुंबईला येण्याच्या तीनच आठवडे आधी, १३ नोव्हेंबर १९६४ रोजी, पॉल सहावे यांनी आपला रत्नजडित मुकुट रोमच्या वेदीवर ठेवला होता. तो गरिबांसाठी दिला, असं त्यांनी जाहीर केलं. त्यानंतर तसा मुकुट घालून कोणत्याही पोपचा राज्याभिषेक झालेला नाही. आधी मुकुट गेला, मग गाडी गेली.

शेवट

मार्च १९७८ मध्ये इटलीतल्या रेड ब्रिगेड या दहशतवादी संघटनेने अल्दो मोरो यांचं अपहरण केलं. तेच अल्दो मोरो, मोंतिनींच्या विद्यार्थी संघटनेतले. ८० वर्षांच्या पोपनी स्वतः अपहरणकर्त्यांना पत्र लिहून त्यांच्या सुटकेसाठी विनवणी केली. उपयोग झाला नाही. मे महिन्यात मोरो यांचा मृतदेह सापडला. पोप त्यातून सावरले नाहीत.

६ ऑगस्ट १९७८ रोजी रोमजवळच्या कास्तेल गांडोल्फो इथे त्यांचं निधन झालं. माझ्यासाठी स्मारक नको, मला मातीत पुरा, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. सेंट पीटर्स चौकात त्यांची साधी लाकडी शवपेटी जमिनीवर ठेवलेली होती आणि तिच्यावर उघडं बायबल.

मुंबईचे कार्डिनल ग्रेशस तेव्हा आजारी होते. नव्या पोपच्या निवडीला ते जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांचंही निधन झालं. ओव्हलवरचा पाहुणा आणि यजमान, दोघेही सव्वा महिन्याच्या अंतराने गेले.

१४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी पॉल सहावे यांना संत घोषित केलं.

त्यांच्यानंतर पोप जॉन पॉल दुसरे १९८६ आणि १९९९ मध्ये भारतात येऊन गेले. त्यानंतर मात्र कोणी आलेलं नाही. मुंबईकरांना आज विचारलंत तर १९६४ आठवणारे थोडेच भेटतील. पण पुढच्या वेळी चर्चगेटला उतरून ओव्हलच्या कडेने चालत जाल, तेव्हा क्रिकेट बघायला थांबलात तर एवढं आठवा. याच शहरात एका पाहुण्याने आपल्या शाळेतली प्रार्थना आपल्यालाच परत ऐकवली होती. आणि शस्त्रांच्या पैशातून भाकरी द्या, ही त्याची मागणी अजून तशीच बाकी आहे.